इशबेलचा पायगुण

आडव्या गेलेल्या मांजराला आमचे बाबा कधी टाळत नाहीत. थांबून त्याची विचारपूस करतात. घरातून निघताना कोणी मागून हाक मारली की म्हणतात, "अजून एकदा मार, बरं वाटलं." माझं लग्न त्यांनी हट्टाने अमावस्येला लावलं आणि हॉल भांडणाशिवाय मिळाला हे सगळ्या नातेवाइकांना कौतुकाने सांगत फिरले. छप्पन साली, बारा वर्षांचे असताना, त्यांनी आपल्या वडिलांच्या शेजारी उभं राहून धम्मदीक्षा घेतली. तेव्हापासून शकुन, मुहूर्त, राहुकाळ या मंडळींशी त्यांचं उघड वैर आहे. आणि अशा माणसाला मस्कतमध्ये एका स्कॉटिश बाईने शकुनाचा माणूस म्हणून मागणी घातली.

दोन हजार पंधराचा डिसेंबर होता. बाबा थंडीपुरते आमच्याकडे आले होते. मी आणि माझा नवरा राकेश, दोघंही इंजिनिअर, अल् खुवैरमध्ये भाड्याने राहतो. आमच्याच इमारतीत तळमजल्यावर इशबेल आणि मर्डो मॅकॉले राहायचे. मर्डो आमच्या कंपनीच्या दुक्म बंदराच्या कामाचा प्रमुख, म्हणजे माझा साहेब. पण माझी खरी मैत्री इशबेलशी. दुक्मच्या साइटवर बायकांची राहायची सोय नाही, या एका वाक्यावर मला दोन वर्षं ऑफिसात बसवून ठेवलं होतं. एका संध्याकाळी हे इशबेलच्या कानावर गेलं. तिने नवऱ्याला माझ्यासमोरच विचारलं, "सोय नाही, तर ती करायला इंजिनिअर लागतो की देव?" पुढच्या महिन्यात मी दुक्मला गेले.

पहिल्या भेटीत मी तिला "तुम्ही इंग्लिश लोक" म्हणाले होते आणि तिने हातातला चहाचा कप खाली ठेवला होता. ती लुईस नावाच्या बेटावरची. स्कॉटलंडचं पार वरचं टोक, पुढे नुसता समुद्र. तिची भाषा गेलिक. शाळेत गेलिकमध्ये तोंड उघडलं की हातावर चामड्याचा पट्टा बसायचा. तिच्या आजोबांच्या वेळी तर तशा पोराच्या गळ्यात काठी अडकवायचे. पणजोबांचं घर जमीनदाराने मेंढ्यांना कुरण हवं म्हणून रिकामं करवलं आणि माणसं परतू नयेत म्हणून छपराला आग लावली. ती हे चहाबरोबर सांगायची, मी आमच्याकडचं सांगायचे. एकदा मी तोंडावर म्हणाले, "आणि मग तुमचीच माणसं बोटीत बसून आमच्याकडे आली आणि साहेब झाली." ती म्हणाली, "हो. लाज वाटते. बिस्कीट घे."

आदल्या वर्षी स्कॉटलंडने वेगळं व्हावं की नाही यावर तिकडे मतदान झालं होतं. देशाबाहेर राहणाऱ्यांना मत नव्हतं. इशबेल महिनाभर धुमसत होती. तिच्या फ्रिजवरचा 'यस'चा स्टिकर निकाल विरुद्ध लागल्यावरही तसाच राहिला. मर्डोने काढायला सांगितला तर म्हणाली, "आधी फ्रिज काढ." सांगायचं काय, तर बाई भित्री अजिबात नव्हती.

म्हणून एकतीस डिसेंबरच्या संध्याकाळी ती आमच्या दारात उभी राहिली तेव्हा मी तिला ओळखलंच नाही असं म्हटलं तरी चालेल. चेहरा उतरलेला, डोक्याला रुमाल, हातात कापडी पिशवी. मर्डो आठवडाभर हॉस्पिटलमध्ये होता. रविवारी सकाळी त्याच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं. मला वाटलं, तब्येत बिघडली.

"तुझे वडील उद्या सकाळी मोकळे आहेत का?" तिने विचारलं.

मग तिने सगळं सांगितलं. वर्षाच्या शेवटच्या दिवसाला त्यांच्याकडे हॉगमने म्हणतात. नाताळावर त्यांच्या चर्चनेच शेकडो वर्षं डोळे वटारलेले, त्यामुळे लोकांची सगळी हौस नव्या वर्षावर. आणि नव्या वर्षात घराचा उंबरा पहिल्यांदा कोण ओलांडतं, त्यावर त्या घराचं वर्ष ठरतं. तो माणूस पुरुष हवा, उंच हवा, काळ्या केसांचा हवा. सोनेरी केस चालत नाहीत, कारण म्हणे कोणे एके काळी सोनेरी केसांचे परके समुद्रावरून लुटायला यायचे आणि दारात तसे केस दिसले की मागोमाग कुऱ्हाड आलीच. बाई तर नकोच. त्या माणसाने कोळसा, मीठ आणि खायला काहीतरी घेऊन यायचं, म्हणजे वर्षभर चूल पेटती राहते. तो येईपर्यंत घरातलं कोणी बाहेर जायचं नाही, बाहेरचं कोणी आत यायचं नाही.

"दरवर्षी ॲलिस्टर यायचा," ती म्हणाली. ॲलिस्टर म्हणजे ग्लासगोचा एक दांडगा, काळ्याभोर दाढीचा माणूस. तेलाचे भाव पडले तशी त्याची नोकरी गेली आणि तो नोव्हेंबरमध्येच परत गेला होता. "मला माहीत आहे हा मूर्खपणा आहे, वैशाली. पण यंदा नको. यंदा मला तो मूर्खपणा मोडून बघायची हिंमत नाही. मर्डो सकाळी फोनवर पहिला प्रश्न हाच विचारेल, कोण आलं पहिलं? तुझे वडील उंच आहेत, सावळे आहेत, केस काळे आहेत."

केस काळे होते ते कलपामुळे. आदल्या रविवारी त्यांनी तो माझ्या बाथरूममध्ये लावला होता आणि पांढऱ्या फरशीवरचा डाग अजून निघाला नव्हता. पण मी ते बोलले नाही. मला खरं सांगायचं तर आतून उकळ्या फुटत होत्या. ज्या पायांना गावात लोकांच्या ओट्याजवळ फिरकायची मुभा नव्हती, त्याच पायांसाठी एक गोरी मडमीण दार धरून बसणार होती! वर ते पाय काळ्या माणसाचेच हवेत ही तिची अट! मला पेढे वाटावेसे वाटले. मी पिशवी घेतली. आत लोणी घालून केलेल्या बिस्किटांचा डबा आणि मिठाची पुडी होती. पाहुण्याने जे आणायचं ते यजमानीणच आधी पोचवत होती. कोळसा तेवढा मी आणते म्हणाले.

बाबा बाल्कनीत पेपर वाचत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पान उलटलं.

"नाही," ते म्हणाले.

"बाबा, पाच मिनिटांचं काम आहे. खाली जायचं, आत पाऊल टाकायचं, चहा प्यायचा."

"चहा पितो. शकुन होत नाही."

"अहो, पण उलट बघा ना! गावात काय म्हणायचे आणि इथे काय म्हणतायत! चांगली जिरली की सगळ्यांची."

"कोणाची जिरली? खोताची? तो मरून गेला." बाबांनी पेपरची घडी घातली. "वैशू, सदरा उलटा घातला म्हणून दुसऱ्याचा होतो का? तोच सदरा तो."

खोताची गोष्ट मला पाठ आहे. महाडजवळचं आमचं गाव. बाबा नऊ वर्षांचे, डोक्यावर गवताचा भारा. खोत जमिनीच्या खटल्यासाठी कोर्टात निघालेला आणि हे समोरून आले. खोत मागे फिरला, ओटीवर बसला, पाणी प्यायला, पुन्हा निघाला. खटला हरला. संध्याकाळी बाबांना त्यांच्याच वडिलांच्या हातून मारायला लावलं, सगळ्या गावासमोर. आजोबांनी मारलं. नाहीतर दुसऱ्यांनी मारलं असतं आणि मग किती मारलं असतं याचा भरवसा नव्हता.

"तेव्हा म्हणायला हवं होतं," बाबा म्हणाले, "की खटला तुमच्या खोट्या कागदांनी गेला, माझ्या पायांनी नाही. पोर होतो, नाही म्हणता आलं. आता म्हणतो. माझ्या पायाने कोणाचं वाईट होत नाही. आणि चांगलंही होत नाही. मी काय नारळ आहे, शुभकार्यात पुढे धरायला?"

मी चिडले. तुमचं तत्त्व राहू दे, बाईचा नवरा मरणाच्या दारात आहे, असं बरंच काही बोलले. राकेश मध्ये पडायला आला आणि दोन्हीकडून बोलणी खाऊन परत गेला. बाबा जेवले आणि झोपले.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, सुट्टीचा. सकाळी इशबेलचा फोन. ती कपडे करून, पर्स घेऊन दाराशी बसली होती. हॉस्पिटलची भेटायची वेळ सुरू झाली होती. "आले नाहीत अजून," ती म्हणाली. तक्रार नाही, नुसतं सांगणं. मी तिला थोडं थांबायला सांगितलं आणि राकेशकडे बघितलं.

"मी जातो ना," राकेश म्हणाला आणि लगेच हात डोक्यावर गेला. माझा नवरा तिशीतच टकला झाला आहे. काळे केस सोडा, केस हीच अडचण.

मी खाली शरीफभाईंच्या दुकानात कोळसा आणायला गेले. शरीफभाई रत्नागिरीकडचे, इमारतीला लागूनच त्यांचं किराणा दुकान. दुपारी नमाजासाठी बंद करायचं म्हणून सकाळी लवकर उघडलेलं. कोळसा कशाला म्हणून त्यांनी विचारलं, मी सांगितलं, आणि ते गल्ल्यामागून उठलेच.

"मी जातंय ना, ताय! माजा काय जाताय? चांगला उंच हाय, काळा हाय. मॅडमचा मानूस बरा व्हायला पायजे, इन्शाल्ला."

मी हो म्हणाले, कारण मला दुसरा उपाय सुचत नव्हता. ते हातात मिठाची पुडी घेऊन गेले आणि लगेच परत आले.

"बाईन् खिडकीतनं माजी दाढी बगितलान नि पडदा वडलान," ते म्हणाले. शरीफभाई दाढीला मेंदी लावतात. उन्हात ती लालभडक दिसते. "मेंदी हाय ती, मी वरडून सांगितलंय. आयकायला तयार न्हाय. लाल रंगाला घाबरते काय गो ती?"

मी कोळसा घेतला, वर आले आणि दार आपटलं.

"बाबा, ती बाई नवऱ्याला भेटायला जाऊ शकत नाहीये! तिकडे तो वाट बघतोय, इकडे ही दाराशी बसलीय, आणि तुम्ही पोहे खाताय!"

बाबांनी बशी खाली ठेवली. "तू तिला नाही सांगितलंस?"

"नाही."

"का?"

मी कोळसा पिशवीत टाकला. बाबा उठले, इस्त्रीचा सदरा घातला, केस विंचरले. "नाही म्हणायचं तर माणसाने तोंडावर म्हणावं. चल."

इशबेलने आम्हाला खिडकीतून बघितलं असावं, कारण आम्ही पोचायच्या आत दार उघडलं. तिचा चेहरा असा उजळला की मला पळून जावंसं वाटलं. "ब्लीअना वा ऊर," ती म्हणाली. त्यांच्या गेलिकमध्ये नव्या वर्षाच्या शुभेच्छा. बाबांच्या हातात पिशवी होती, कोळसा, मीठ, बिस्किटं. ते उंबऱ्याच्या अलीकडे थांबले.

बाबांनी हयातभर मुंबई बंदरात क्रेन चालवली. त्यांचं इंग्रजी बंदरातलं, थोडक्यात आणि खणखणीत. अडलं तर माझ्याकडे बघायचे आणि मी सांगायचे.

"मॅडम, मी तुम्हाला नाही म्हणायला आलोय," ते म्हणाले. "तुमचा नवरा बरा व्हावा असं मला मनापासून वाटतं. पण मी शकुन म्हणून आत येणार नाही. लहानपणी मला अपशकुन म्हणून मारलंय. त्या दिवसापासून मी दोन्ही सोडलं."

त्यांनी खोताची गोष्ट सांगितली. अर्धी त्यांनी, अर्धी मी. आजोबांनी मारलं हे सांगताना त्यांचा आवाज जरासुद्धा हलला नाही; माझाच हलला. इशबेलने दाराची चौकट धरली होती. मला वाटलं, आता ती रागावेल किंवा माफी मागेल. गोऱ्या लोकांना माफी मागायची फार सवय असते. तिने दोन्ही केलं नाही. तिने डोक्याचा रुमाल सोडला.

केस पांढरे होते, पण मानेपाशी अजून तांबूस झाक होती, गंजलेल्या तारेसारखी.

"माझे केस लाल होते," ती म्हणाली. "शरीफच्या दाढीपेक्षा लाल."

तिच्या गावातले सगळे मासेमारी करणारे. पहाटे बोटीकडे निघालेल्या माणसाला वाटेत लाल केसांची बाई दिसली की तो मागे फिरायचा. त्या दिवशी बोट सुटायची नाही. लाल केसांच्या मुलीला आई शिकवायची, बुटांचा आवाज आला की लपायचं. त्यांच्याकडे सरपणाऐवजी दलदलीतली माती वाळवून जाळतात, तिचे ढीग घराशेजारी रचलेले असतात. इशबेल त्या ढिगामागे लपायची. नव्या वर्षाच्या सकाळी तर तिला घराबाहेर पाऊल टाकायची बंदी, कारण बाहेर गेली तर परत आत यावं लागणार.

"एकदा मी लपले नाही. आठ वर्षांची होते. कंटाळा आला होता लपायचा. पाचसहा माणसं येत होती. त्यांनी मला बघितलं आणि सगळी मागे फिरली. एक शब्द बोलली नाहीत. त्यातला एक माझा बाप होता." तिने रुमालाची घडी केली, परत उलगडली. "तो रात्री जेवायला बसला तेव्हाही माझ्याकडे बघितलं नाही त्याने."

मी म्हणाले, "आणि तरी तू हे सगळं पाळतेस? ज्यांनी तुला ढिगामागे उभं केलं, त्यांचाच नियम?"

"मी नव्हते पाळत! चाळीस वर्षं ती एक गंमत होती, ॲलिस्टर यायचा, सगळे हसायचे. गेल्या वर्षी आम्ही मध्यरात्र उलटल्यावर पार्टीहून परत आलो. मर्डो गाडी लावत होता. घरात फोन वाजत होता, म्हणून मी धावत आत गेले. पहिली मी गेले. ॲलिस्टरकडे आमची किल्ली असायची; मर्डोला मी सांगितलं, तो आपल्या आधीच येऊन गेला. एप्रिलमध्ये मर्डोच्या छातीत दुखायला लागलं. नोव्हेंबरमध्ये ॲलिस्टरची नोकरी गेली. कोणालाच माहीत नाही, वैशाली. मीच आणलं हे. माझ्या पायाने."

आमच्या भाषेत याला पायगुण म्हणतात. नवी सून घरात आली आणि म्हैस आटली, तरी तिचाच पायगुण. मी तो शब्द किती बायकांच्या तोंडून रडत ऐकलाय! पण फ्रिजवरचा स्टिकर न काढणाऱ्या बाईच्या तोंडून ऐकेन असं कधी वाटलं नव्हतं. माझं डोकंच फिरलं.

"मर्डोच्या छातीत त्याच्या सिगारेटी गेल्या, तुझा पाय नाही! आणि तेलाचा भाव तुझ्या पायाने पडला? मग अख्ख्या गल्फने तुझ्यावर केस करायला हवी!"

"वैशू," बाबा म्हणाले. एवढंच.

त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग त्यांनी विचारलं, "ॲलिस्टर ग्लासगोचा?"

"हो."

"माझी क्रेन ग्लासगोची होती. अंगावर अक्षरं होती, ओतलेली. तिच्यावर बसून किती आगबोटी रिकाम्या केल्या. तिने कधी विचारलं नाही, आत कोण बसलंय, कोणाच्या केसांचा रंग काय." मग त्यांनी तिच्याकडे सरळ बघितलं. "वैशाली सांगते, तुमची भाषा बोललं की शाळेत तुम्हाला मारायचे. तुम्ही बोलणं सोडलंत?"

"नाही."

"जमीनदार म्हणाला, ही जागा मेंढ्यांची. तुमच्या लोकांनी मानलं?"

"नाही. कधीच नाही."

"मग त्यांची ही एकच गोष्ट का मानलीत?"

रस्त्यावरून एक टॅक्सी गेली. इशबेलच्या पर्समधला फोन एकदा वाजून थांबला आणि तिने दचकून पर्स पोटाशी धरली.

"मी आत येतो," बाबा म्हणाले. "चहाला बोलवा, जेवायला बोलवा, शिवराम म्हणून बोलवा, येतो. पण दुसरा. पहिल्या तुम्ही." त्यांनी पिशवी पुढे केली. "मागच्या दाराने बाहेर या आणि इथून आत जा."

"नाही," ती कुजबुजली. "परवा ऑपरेशन आहे."

"ते डॉक्टर करणार. पाय नाही करणार."

"आणि काही झालं तर? मी आज आत गेले आणि रविवारी काही झालं तर? ते मनात घेऊन मी कशी जगू?"

आजवर मी बाबांना खूप जणांशी वाद घालताना पाहिलंय. जिंकायची त्यांना आवड आहे, उगाच का खोटं बोलू. पण त्या वेळी ते जिंकायला बोलत नव्हते.

"काही झालं," ते म्हणाले, "तर मी तुमच्या शेजारी उभा राहीन. आणि विचारेल त्याला सांगेन की हे पायाने झालं नाही. माझ्या वेळी असं सांगायला कोणी नव्हतं. म्हणून मला माहीत आहे, ते किती लागतं."

हे मात्र त्यांनी मराठीत सांगितलं. मी इंग्रजीत सांगितलं, जमेल तसं, नाक पुसत.

इशबेलने आमच्याकडे बघितलं आणि दार लावून घेतलं.

मी बाबांकडे वळले. संपलं, असं मला वाटलं. बाईच्या जखमेवर आपण मीठ चोळलं, माझी मैत्रीण गेली, आणि वर ती आता आत एकटी रडत बसली असेल. "झालं समाधान?" मी म्हणाले. बाबांनी पिशवीतून कोळशाचा मोठासा तुकडा काढून हातात धरला आणि दाराकडे बघत उभे राहिले. शरीफभाई दुकानातून मान बाहेर काढून बघत होते.

तेवढ्यात इमारतीच्या मागच्या बाजूला एक दार वाजलं.

ती पार्किंगला वळसा घालून आली. रुमाल नव्हता. केस मोकळे, उन्हात ती तांबूस झाक स्पष्ट दिसत होती. खांद्याला पर्स, एका हातात किल्ली. शरीफभाईंच्या दुकानासमोरून आली तेव्हा ते वाटेतून बाजूला झाले नाहीत, सलाम केला. ती थांबली, त्यांच्या दाढीकडे बघून कसनुसं हसली आणि पुढे आली.

बाबांनी कोळसा पुढे केला. तिने घेतला. पांढऱ्या पंजाला काळं लागलं. तिने किल्लीने दार उघडलं आणि उंबऱ्याशी उभी राहिली. मग गेलिकमध्ये काहीतरी मोठ्याने बोलली, शुभेच्छा नव्हत्या त्या. मी नंतर विचारलं तेव्हा म्हणाली, "त्यांना म्हटलं, आता फिरा मागे." आणि तिने पाऊल आत टाकलं.

आत जाऊन ती आमच्याकडे वळली तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हनुवटी वर होती. "शिवराम," ती म्हणाली, "आत या. चहा करते."

बाबांनी चपला काढायला पाय उचलला, तोच तिच्या पर्समधला फोन पुन्हा वाजला. मर्डोच. आम्ही दारातच थांबलो. तिने नाव बघितलं, कोळशाच्या हाताने फोन कानाला लावला. गालावर काळा पट्टा उमटला. पलीकडून त्याने काय विचारलं ते ऐकू आलं नाही, पण ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

मला वाटलं, शिवराम म्हणेल. म्हणाली असती तर बाबांनीही काही मनावर घेतलं नसतं, आजारी माणसाला धीर लागतो.

"मी," इशबेल म्हणाली, आवाज जराही खाली न आणता. "लाल केसांची बाई. आणि ऐक मर्डो, गेल्या वर्षीही मीच होते."

बाबांनी चपला दाराबाहेर काढल्या, मला पुढे घातलं आणि माझ्या मागून आत आले.